मधुमेहाची १४ वर्षे आणि वाढलेले २० किलो वजन : कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्कचा छोटा कारखाना चालवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दवाखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात, तेच संबोधन येथे ठेवले आहे. २००९ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, पायावरचे गळू लवकर भरून येईना म्हणून केलेल्या तपासणीत त्यांना टाइप २ मधुमेह असल्याचे कळले. त्या वेळी त्यांचे वजन ६८ किलो आणि उंची १६५ सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) सुमारे २५. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा वजन ८८ किलो, बीएमआय ३२ च्या वर आणि कंबरेचा घेर १०८ सेंटिमीटर होता. भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय जादा वजनात आणि २५ च्या पुढचा लठ्ठपणात मोडतो, तर पुरुषांच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरली जाते. या मापाने पाहिले तर काका आजार कळला त्याच दिवशी लठ्ठपणाच्या उंबरठ्यावर होते.

औषधे भरपूर होती. सकाळी ३८ आणि रात्री २६ असे दिवसाला ६४ युनिट मिश्र इन्सुलिन, शिवाय मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन या साखर उतरवणाऱ्या गोळ्या. इतके असूनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ९.१ टक्के आली होती. कामाचे स्वरूपही या वर्षांत पालटले होते. पूर्वी काका कसबा बावड्यातून सायकलने येत आणि दिवसभर लेथवर उभे राहून काम करत. २०१४ मध्ये कारखान्यात संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र आले, दोन मुले कामाला ठेवली गेली आणि काका केबिनमध्ये बसून कोटेशन, बिले आणि फोन सांभाळू लागले. सायकलची जागा आधी मोटारसायकलने आणि मग चारचाकीने घेतली.

समस्या

काकांची तक्रार वजनाची नव्हतीच. "साखर काही केल्या आटोक्यात येईना आणि मधूनच एकदम उतरते," असे ते म्हणाले. दुपारच्या जेवणाआधी हात थरथरत, म्हणून टेबलाच्या खणात ग्लुकोज बिस्किटे आणि गुळाचे खडे ठेवलेले असत. रात्री घाम फुटून जाग येई. काकूंनी त्याचा धसका घेतला होता. झोपण्यापूर्वी मोठा पेला म्हशीचे दूध आणि चार बिस्किटे दिल्याशिवाय त्या दिवा मालवत नसत. "डॉक्टर, रात्री अंग गार पडलं की धडकी भरते. पोटात काहीतरी असलेलं बरं," हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात चुकीचे काही नव्हते, कारण साखर खरोखरच उतरत होती. मात्र ती उतरू नये म्हणून खायचे, खाल्ल्याने वाढली म्हणून इन्सुलिन वाढवायचे आणि इन्सुलिन वाढले म्हणून पुन्हा खायचे, असे हे चक्र चार वर्षे चालू राहिले.

त्यांच्या थोरल्या मुलीने आणलेल्या पिशवीतून या प्रकरणाला दिशा मिळाली. पिशवीत चौदा वर्षांचे कागद होते. बहुतेक कागदांवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर ठळकपणे लिहिलेली होती. वजन कुठे कोपऱ्यात होते, कुठे नव्हतेच. मुलीने ज्या कागदांवर वजन सापडले ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि शाळेच्या आलेखवहीतल्या कागदावर ठिपके काढून जोडले. २००९ मध्ये ६८. २०१० मध्ये ग्लिमेपिराइड सुरू झाले, २०११ मध्ये ७२. यंत्र आल्यानंतर, २०१५ मध्ये ७७. २०१७ मध्ये पायोग्लिटाझोनची भर पडली आणि पुढच्या वर्षी वजन ८२ झाले. त्याच वर्षी घोटे सुजू लागल्याचीही नोंद आहे. २०१९ मध्ये इन्सुलिन सुरू झाले आणि वजन ८८ पर्यंत गेले. एकेका भेटीत पाहिले तर वाढ किलो-दीड किलोची, म्हणून कोणाच्या नजरेत भरली नाही. एका रेघेत पाहिल्यावर मात्र काका बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिले.

त्याच पिशवीत विमा पॉलिसीसाठी २००७ मध्ये झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद होता आणि त्यावर ७३ किलो वजन होते. ही नोंद फार महत्त्वाची आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांतून ती लघवीत झिरपू लागते आणि खाल्लेल्या अन्नातली शेकडो कॅलरींची ऊर्जा शरीराला न लागता वाया जाते. म्हणजे ६८ किलो हे काकांचे खरे वजन नव्हते. आजाराने पाच किलो आधीच खाल्ले होते. उपचार सुरू झाल्यावर ती गळती थांबते आणि वजन परत येते. त्यामुळे पहिल्या चार-पाच किलोंचा दोष औषधांना किंवा रुग्णाला देणे योग्य नाही. त्यानंतर चढलेल्या पंधरा किलोंचा विचार मात्र करायलाच हवा.

असे काकांच्याच बाबतीत घडले असे नाही. ब्रिटनमधील यूकेपीडीएस हा मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडक साखर नियंत्रणामुळे डोळे-मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण दहा वर्षांत इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन नेहमीच्या उपचाराच्या गटापेक्षा सरासरी ४ किलोंनी आणि ग्लिबेनक्लेमाइड (ग्लिमेपिराइडच्याच गटातले जुने औषध) घेणाऱ्यांचे १.७ किलोंनी जास्त वाढले. अमेरिकेत मधुमेहाचे निदान झालेल्या प्रौढांमध्ये लठ्ठ व्यक्तींचे प्रमाण १९८८ ते १९९४ या काळात ४५.७ टक्के होते, ते १९९९ ते २००२ मध्ये ५४.८ टक्के झाले. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर पोटाच्या लठ्ठपणाचे ३९.५ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या पुरुषांचे प्रमाण २०१५-१६ मधील १८.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २२.९ टक्क्यांवर गेले. एकीकडे सगळ्या समाजाचेच वजन वाढते आहे आणि दुसरीकडे मधुमेहाच्या काही औषधांनीही ते वाढते. मधुमेही माणसाच्या अंगावर या दोन्ही वाढींची बेरीज होते.

भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण वजनाच्या मानाने जास्त असते, हा तिसरा मुद्दा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दोघांच्याच शरीराचे उदाहरण प्रसिद्ध केले होते : दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे काट्याच्या जोडीला टेपही लागते.

विचारात घेतलेले पर्याय

इन्सुलिन आणखी वाढवणे हा सर्वांत सरळ पर्याय होता आणि काका तीच अपेक्षा ठेवून आले होते. परंतु ६४ युनिटांवर एचबीए१सी ९.१ टक्के असताना आणि साखर उतरण्याचे प्रसंग आठवड्यातून दोन-तीनदा घडत असताना मात्रा वाढवणे म्हणजे तेच चक्र आणखी जोराने फिरवणे ठरले असते.

वजन घटवणारी इंजेक्शने, म्हणजे जीएलपी-१ गटातील औषधे, त्या वेळी उपलब्ध होती. पण महिन्याकाठी येणारा हजारो रुपयांचा खर्च वर्षानुवर्षे उचलणे कारखान्याच्या उत्पन्नात बसत नव्हते, आणि असे औषध थांबवले की वजन बहुतांशी परत येते. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या, शस्त्रक्रियेचीही चर्चा झाली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आशियाई लोकांना २७.५ बीएमआयपासून ती सुचवता येते, त्यामुळे काका तिला पात्र होते. त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि पुढच्या भेटीत स्पष्ट नकार दिला. तो नकार आम्ही मान्य केला.

मुलीने इंटरनेटवर वाचलेला चौथा पर्याय होता : काही महिने अतिशय कमी कॅलरींचा द्रव आहार घेऊन मधुमेह 'परतवणे'. स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथील डायरेक्ट या अभ्यासात अशा आहारानंतर एका वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली होती, हे खरे आहे. मात्र त्यात निदानाला सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्याच लोकांना घेतले होते. चौदा वर्षांचा मधुमेह आणि चार वर्षांचे इन्सुलिन असलेल्या माणसाला ती आशा दाखवणे प्रामाणिकपणाचे नव्हते.

शेवटचा पर्याय म्हणजे वजन वाढवणारी औषधे क्रमाने कमी करणे, त्यांच्या जागी वजनाला अनुकूल औषध आणणे आणि त्याच वेळी घरचा आहार बदलणे. तो निवडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : काकांचे स्वादुपिंड अजून स्वतःचे इन्सुलिन बनवते का? ते बनत नसते तर बाहेरून दिलेले इन्सुलिन कमी करणे धोक्याचे ठरले असते. उपाशीपोटीचे सी-पेप्टाइड, म्हणजे स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवते हे सांगणारी रक्ततपासणी, समाधानकारक आले. मूत्रपिंडांचे काम चांगले होते. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे सौम्य बदल दिसले. साखर झपाट्याने खाली आली तर काही काळ ते बळावू शकतात, म्हणून सुधारणा सावकाश करायची असेही ठरले.

केलेली कार्यवाही

पहिल्या टप्प्यात ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन बंद केले. दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनऐवजी रात्री एकदाच दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन कमी मात्रेत सुरू केले, मेटफॉर्मिन चालू ठेवले आणि डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम दिले. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते; निदानापूर्वी जी गळती आजार अनियंत्रितपणे घडवत होता, तीच मोजून-मापून घडवली जाते. २०२० मध्ये पेटंट संपल्यानंतर ते स्वस्त झाले, त्यामुळे खर्चाचा प्रश्न उरला नाही. लघवीच्या जागेची स्वच्छता, भरपूर पाणी, आणि उलट्या होत असल्यास, जेवण जात नसल्यास किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ते थांबवणे, या सूचना काकांना आणि काकूंना लेखी दिल्या.

आहाराच्या भागात मी काकूंशी बोलताना तेलाच्या डब्यापासून सुरुवात केली, कारण किती तेल खाता या प्रश्नाला कोणत्याच घरात खरे उत्तर मिळत नाही, पण डबा कधी आणला हे गृहिणीच्या लक्षात असते. चार माणसांच्या घरात १५ किलोंचा डबा अडीच महिन्यांत संपत होता. म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम तेल, सुमारे ४५० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक आहारात २००० कॅलरींसाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. काकूंनी फोडणीची पळी बदलून चमचा आणला आणि डब्यावर आणल्याची तारीख चिकटवली. पुढचा डबा चार महिने पुरला.

दुसरी गोष्ट चहाची. कारखान्यात दिवसाला सहा कप चहा होई आणि साखरेऐवजी गूळ घातला की मधुमेहाला चालतो, अशी काकांची पक्की समजूत होती. गुळाच्या पेठेत वाढलेल्या माणसाला ही समजूत सोडायला सांगणे सोपे नसते. तरी गुळाच्या कॅलरी साखरेइतक्याच असतात आणि तो रक्तातली साखरही तशीच वाढवतो, हे त्यांच्याच ग्लुकोमीटरवर, चहाआधी आणि चहानंतर बोट टोचून, त्यांनी स्वतः पाहिले. त्यानंतर कप दोनवर आले, तेही बिनगोडाचे. ज्वारीची भाकरी कितीही चालते, हाही असाच गैरसमज. तीन भाकऱ्या आणि वर भात याऐवजी दीड भाकरी, वाटीभर मूग किंवा मटकीची उसळ आणि भरपूर पालेभाजी असे ताट ठरले. रविवारचे मटण बंद केले नाही. तांबडा-पांढरा रस्सा सोडा असे सांगितलेला आहार कोल्हापुरात महिनाभरही टिकणार नाही, हे माझे ठाम मत आहे. वरचा तवंग काढून, मटणाचे तुकडे मोजून आणि भात अर्धा करून तेच जेवण ठेवले. मिसळ पंधरवड्यातून एकदा, कट निम्मा आणि एकच पाव.

दुसऱ्या आठवड्यात कसोटीची वेळ आली. उपाशीपोटीची साखर १९० ते २१० दिसू लागली आणि काकूंचा फोन आला की जुनी सुई पुन्हा सुरू करावी. घाईने मागे फिरायचे की थांबायचे, हा या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णय होता. काकांना फार तहान नव्हती, थकवा नव्हता, लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) नव्हते आणि रात्रीचा घाम पूर्णपणे थांबला होता. आम्ही रात्रीचे इन्सुलिन थोडे वाढवले, पण जुन्या पद्धतीकडे न जाण्याचे ठरवले आणि साखरेचे आकडे रोज फोनवर मागवले. घाम येत नाही हे काकूंना पटल्यावर रात्रीचे दूध-बिस्किट आपोआप बंद झाले. सहाव्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर १४० च्या आसपास आली.

ऑक्टोबरमध्ये नवरात्र आले. काका दरवर्षी नऊ दिवसांचा उपवास करत आणि दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खात. डापाग्लिफ्लोझिन आणि इन्सुलिन घेत असताना लांब उपवास केला तर रक्तात कीटोन वाढण्याचा धोका असतो, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. काकूंनीच मार्ग सुचवला : उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच उपवास करायचा. त्या दोन दिवशी डापाग्लिफ्लोझिन बंद, इन्सुलिन कमी, आणि ताटात राजगिऱ्याची भाकरी, दही व काकडी असे ठरले.

गुडघे दुखत असल्याने रंकाळ्याला फेरी मारणे सुरुवातीला जमत नव्हते. जेवणानंतर दहा मिनिटे कारखान्यातच चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे एवढ्यावर भागवले. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढलेल्या माणसाला हे किरकोळ वाटले, तरी सहाव्या महिन्यात वजन उतरल्यावर रबरी पट्ट्यांचे व्यायाम आणि सकाळची अर्ध्या तासाची चाल सुरू झाली.

परिणाम

ऑक्टोबर २०२३ मध्ये वजन ८१.५ किलो आणि एचबीए१सी ७.६ टक्के होते. मार्च २०२४ मध्ये वजन ७९.४ किलोंपर्यंत खाली आले, एचबीए१सी ७.२ झाले आणि इन्सुलिन १८ युनिटांवर आले. घोट्यांची सूज गेली. कंबर ९९ सेंटिमीटर झाली, जी अजूनही मर्यादेपेक्षा बरीच जास्त आहे.

त्यानंतरचे वर्ष मात्र उताराचे नव्हते. २०२४ च्या पावसाळ्यात सकाळचे चालणे थांबले, घरात लग्न झाले, मग दिवाळी आली. डिसेंबरमध्ये वजन ८२.६ आणि एचबीए१सी ७.७ होते. काका खट्टू झाले आणि सगळे मुसळ केरात गेले असे म्हणू लागले. त्यांना अमेरिकेतील लुक अहेड या ५१४५ मधुमेही लोकांच्या अभ्यासाचे आकडे दाखवले : सघन मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्क्यांनी घटले, त्यातले काही परत आले आणि अभ्यास संपताना, सुमारे साडेनऊ वर्षांनी, घट ६ टक्के उरली. काही वजन परत येणे हा शरीराचा स्वभाव आहे. घटलेल्या वजनाला भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च कमी होतो.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड या साखर आणि वजन दोन्ही घटवणाऱ्या औषधाचे साप्ताहिक इंजेक्शन भारतीय बाजारात आले आणि काकांनी त्याबद्दल विचारले. खर्च आणि डोळ्यांची स्थिती पाहून सहा महिने थांबायचे ठरले, पण मोघम नव्हे : वजन ८३ च्या वर किंवा एचबीए१सी ७.५ च्या वर राहिले तर औषध सुरू करायचे, असे कागदावर लिहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये वजन ८०.८ किलो, एचबीए१सी ७.३, इन्सुलिन १६ युनिट आणि साखर उतरण्याचा गेल्या वर्षभरात एकही प्रसंग नाही, अशी स्थिती होती. सुरुवातीच्या वजनाच्या तुलनेत ही घट ८ टक्क्यांहून थोडी जास्त आहे.

वेगळे काय करता आले असते

२०१९ मध्ये इन्सुलिन सुरू करण्याचा निर्णय बरोबर होता. तेव्हा एचबीए१सी १०.४ होते आणि इतक्या साखरेत वाट पाहणे योग्य नव्हते. मात्र मिश्र इन्सुलिन दोन वेळा सुरू करताना ग्लिमेपिराइड पूर्ण मात्रेत चालू राहिले आणि साखर उतरण्याचे प्रसंग तेथून सुरू झाले. त्याच भेटीत ते कमी झाले असते तर काकूंच्या दूध-बिस्किटांची वेळ आली नसती. २०१८ मध्ये घोटे सुजले आणि वजन पाच किलोंनी वाढलेले दिसत होते, तेव्हा पायोग्लिटाझोनचा फेरविचार करता आला असता.

२०१४ हे वर्ष मला सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी औषध बदलले नव्हते, काम बदलले होते, आणि ते कोणत्याच कागदावर नाही. लेथवरून खुर्चीवर आलेल्या माणसाचा रोजचा ऊर्जेचा खर्च शेकडो कॅलरींनी घटतो, पण ताट मात्र तेच राहते. सायकल सुटली का, उभ्याचे काम बसून झाले का, हे दरवर्षी एकदा विचारले असते तर ७७ किलोंवर थांबण्याची संधी होती. आमच्याकडील उपचारातही स्नायूंचा व्यायाम सहाव्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात सुरू करता आला असता, आणि पावसाळ्यात घरात करायच्या व्यायामाची सोय जूनपूर्वी लावता आली असती.

या प्रकरणावरून कोणी स्वतःहून इन्सुलिन कमी करू नये. सी-पेप्टाइड कमी आले असते तर येथील जवळजवळ प्रत्येक निर्णय उलटा झाला असता. ज्यांची साखर औषधांनी आटोक्यात आहे पण पट्ट्याचे भोक दरवर्षी पुढे सरकते आहे, त्यांनी आपले जुने कागद तारखेप्रमाणे लावून पुढच्या भेटीला सोबत न्यावेत आणि वजन व कंबर दोन्ही नोंदवून घ्यावी. काकांच्या मुलीचा आलेख त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावला आहे. दर तीन महिन्यांनी त्यावर एक ठिपका वाढतो आणि डोळ्यांची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.